डोमजान आधी घेऊ की मिल्टेनबर्गर?

दोन्ही मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं: डोमजानचं शिकणं कसं घडतं यावर, मिल्टेनबर्गरचं वागणं कसं बदलायचं यावर. तुम्ही मिल्टेनबर्गरचं ‘बिहेवियर मॉडिफिकेशन’ घ्या. एम.ए. झाल्यावर शाळेत समुपदेशक व्हायचंय म्हणता, मग प्रश्नच नाही. पण ते ‘टेक्निशियनचं पुस्तक’ आहे, खरा अभ्यास डोमजानमध्ये, असं तुमचे सर म्हणतात हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमच्या विभागात मला भर वर्गात ऐकवलं होतं.

पुढे शाळेत तिसरीतला एक मुलगा माझ्याकडे आला. वही काढा म्हटलं की बाक बडवायचा, किंचाळायचा. बाई त्याला बाहेर उभं करायच्या. सगळ्यांच्या लेखी ती शिक्षाच. मी मिल्टेनबर्गरमधलं फंक्शनल असेसमेंटचं, म्हणजे वागण्यामागचं कारण शोधण्याचं, प्रकरण उघडलं आणि त्याबरहुकूम नोंदी ठेवल्या: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. दरवेळी आधी फळ्यावरचा उतारा, नंतर व्हरांडा. लिहिण्यातून सुटका मिळत होती, म्हणून किंचाळणं पक्कं होत होतं. परीक्षेत टीप लिहितो तेच नकारात्मक प्रबलन. मग उतारा दोन-दोन ओळींचा केला आणि ‘बाई, थोडं थांबू?’ असं विचारायला त्याला शिकवलं. विचारलं की लगेच थांबू द्यायचं, किंचाळून मात्र सुटका नाही. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी 1985 साली हाच मार्ग दाखवला होता. पहिले काही दिवस आवाज वाढला, मग ओसरला. त्या पोराची वही भरायला लागली.

दिवाळीनंतर वर्गावर नव्या बाई आल्या आणि सगळं परत सुरू. तेव्हा बूटन या संशोधकाचं ‘लर्निंग अँड बिहेवियर’ हे पाठ्यपुस्तक कामी आलं. विलोपनाने, म्हणजे वागण्याचं फळ मिळणं बंद केल्याने, जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, परिस्थिती बदलली की ते पुन्हा डोकं वर काढतं, हे त्याने प्रयोगांसकट मांडलंय. नव्या बाईंसोबत तीच आखणी पहिल्यापासून केली.

डोमजान वाईट नाही. प्राण्यांवरचे प्रयोग त्यात नेटके आहेत, नेट-सेटला उपयोग होईलच. कोणतंही घ्या, जुनी आवृत्ती चालेल. मिल्टेनबर्गरमधली उदाहरणं अमेरिकेतली आहेत, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ती जशीच्या तशी बसत नाहीत, एवढं धरून चाला.

आणि सरांना एकदा विचारा, एखाद्या मुलाच्या नोंदी त्यांनी स्वतः वर्गात बसून घेतल्यात का. मी आमच्या सरांना विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला.