काचेचे फोटोग्राम: कटिंगच्या ग्लासपासून सुरुवात कर

फोटोग्राम म्हणजे कॅमेऱ्याशिवाय, अंधाऱ्या खोलीत फोटोच्या कागदावर वस्तू ठेवून वरून प्रकाश टाकून काढलेलं चित्र. त्यासाठी किल्ल्या, कात्र्या राहू दे. त्यांच्या नुसत्या पांढऱ्या सावल्या पडतात. कटिंग चहाचा ग्लास आडवा ठेवून बघ. काच प्रकाश वाकवते. तो जिथे एकवटतो तिथे कागदावर काळी रेघ, जिथून हटतो तिथे पांढरी. ग्लास जरासा फिरवलास तरी चित्र पार बदलतं. मी त्यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे. चोर बाजारात झुंबराचे लोलक मिळाले तर सोडू नकोस.

कांद्याची साल किंवा पिंपळाचं जाळीदार पान करडे थर देतं, पण प्रकाश जास्त मागतं. म्हणून आधी चाचणीपट्टी, म्हणजे कागदाच्या एकाच पट्टीच्या भागांना वेगवेगळा वेळ प्रकाश: एनलार्जर (कागदावर वरून प्रकाश टाकणारं यंत्र) एफ ८ वर (भिंगाच्या छिद्राचं माप), २, ४, ८, १६ सेकंद. मोकळा कागद पूर्ण काळा होतो तिथून सुरू कर. साल कोरी पांढरीच राहिली तर वेळ वाढव.

पावसाळ्यात वस्तू खडखडीत कोरडी हवी, नाहीतर कागदाला चिकटते. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट, आणि डेव्हलपरला (कागदावर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला) हवं २० अंश. डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या परातीत ठेव. मी एकदा बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला होता. तो पातळ झाला आणि सगळे प्रिंट फिकट, राखाडी आले.