बडतर्फ पोलिसाचे अपील आणि एकत्रित न्यायाधिकरण

प्रश्न : स्कॉटलंडमधील पोलीस अपील न्यायाधिकरण तेथील एकत्रित न्यायाधिकरण व्यवस्थेत सामावून घेण्याचा विषय आमच्या अभ्यासमंडळात निघाला. अशा बदलापूर्वी परिणामांचे मूल्यमापन करतात, असे समजले. परंतु मुळात अपिलेच मोजकी असतील, तर मोजायचे काय? आपल्या ‘मॅट’शी, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाशी, याची तुलना करता येईल का?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : प्रकरणे थोडी म्हणून परिणामही थोडा, असे येथे म्हणता येत नाही. ब्रिटिश कायद्यानुसार पोलीस हा नोकर नसून पदधारक असतो; त्यामुळे बडतर्फी अन्याय्य आहे म्हणून इतर कामगारांप्रमाणे रोजगार न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट त्याला सहसा मोकळी नसते. १ एप्रिल २०१३ रोजी आठ प्रादेशिक दले मिळून ‘पोलीस स्कॉटलंड’ हे एकच दल झाले, आणि ज्या २०१२ च्या कायद्याने हे घडले त्यातच बडतर्फी व पदावनतीविरुद्ध पोलीस अपील न्यायाधिकरणाची तरतूद आहे. म्हणजे ज्याची वर्दी गेली त्याच्यासाठी, आणि ज्याच्या तक्रारीवरून ती गेली त्या नागरिकासाठीही, निर्णायक ठरणारी ही जागा आहे.

२०१४ च्या न्यायाधिकरण कायद्याने स्कॉटलंडमध्ये प्रथम स्तर आणि वरिष्ठ स्तर अशी दोन न्यायाधिकरणे निर्माण केली. कोर्ट ऑफ सेशन या तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे प्रमुख न्यायाधीश, म्हणजे लॉर्ड प्रेसिडेंट, त्यांचे प्रमुख असतात आणि कार्यालयीन कामकाज न्यायालये व न्यायाधिकरणे यांची सामायिक सेवा पाहते. विखुरलेली न्यायाधिकरणे एकेक करून या छत्राखाली आणावीत, अशी कल्पना आहे.

मूल्यमापनातील खर्चाचा रकाना सर्वांत लवकर भरून होतो आणि, माझ्या मते, सर्वांत कमी सांगतो. खरा प्रश्न अंतराचा आहे. सदस्य कोण नेमतो, त्यांचे मानधन कोणाच्या तिजोरीतून येते, अपिलाची फाइल कोणाच्या कार्यालयात उघडते, ही उत्तरे पोलीस यंत्रणेपासून जितकी दूर, तितका दोन्ही बाजूंचा विश्वास अधिक. दुसरा प्रश्न वाटेच्या लांबीचा. प्रथम स्तराच्या निर्णयावर कायद्याच्या मुद्द्यापुरते, परवानगी घेऊन, वरिष्ठ न्यायाधिकरणात जाता येते आणि त्यापुढे कोर्ट ऑफ सेशनही आहे. चूक दुरुस्त होण्यासाठी हे चांगलेच. पण तोवर तो अधिकारी ना कामावर, ना मोकळा, अशा अवस्थेत राहू शकतो, आणि हा काळ कोणत्याही खर्चपत्रकात दिसत नाही. तिसरी बाब अनुभवाची : प्रथम स्तरावरील, अनेक विषय हाताळणाऱ्या मोठ्या कक्षातील सदस्यापुढे पोलीस शिस्तीचे प्रकरण क्वचितच आले, तर त्याला ती जाण कोठून येणार? प्रशिक्षणाची सोय मूल्यमापनात स्पष्ट लिहिलेली असावी. लर्विक किंवा स्टोर्नोवे या बेटांवरील गावांतल्या पोलिसाला सुनावणीसाठी समुद्र ओलांडावा लागेल का, हेही विचारायला हवे. २०१८ च्या बेट-कायद्याने बेटांवरील परिणाम तपासण्याचे बंधन घातलेच आहे.

प्रकरणे मोजकी असताना सरासरी काढणे फसवे असते, कारण एकच रखडलेले अपील सारा आकडा फिरवते. त्यापेक्षा आधीची प्रत्येक फाइल दाखल झाल्याच्या तारखेपासून निकालापर्यंत वाचावी.

‘मॅट’शी तुलना होते, पण उलट दिशेने. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९८५ च्या कायद्याखाली १९९१ मध्ये सुरू झाले. तेथे पोलिसांसाठी वेगळे दालन नव्हतेच. तलाठी असो वा शिपाई, सेवाविषयक दाद एकाच ठिकाणी. खातेनिहाय चौकशीतील शिक्षेवर विभागीय अपील करून पोलीस कर्मचारी तेथे येतो. उच्च न्यायालयावरील भार हलका व्हावा म्हणून मूळ कायद्याने त्याचा अधिकार वगळला होता. परंतु १९९७ मध्ये चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची पायरी पुन्हा उभी केली. १९८५ मध्ये कोणी ‘न्याय लवकर मिळेल’ असा हिशेब मांडला असता, तर बारा वर्षांनी तो नव्याने मांडावा लागला असता.

म्हणून तुमच्या मंडळाने एक काल्पनिक अपील घ्यावे, बडतर्फीच्या आदेशापासून सुरुवात करावी आणि जुन्या व नव्या वाटेवरील प्रत्येक टप्पा तारखेसह कागदावर मांडावा. हस्तांतराच्या दिवशी ते अपील अर्धवट ऐकून झालेले आहे, असेही एकदा धरून पाहावे. पुढची सुनावणी कोण घेणार, याचे उत्तर तेथेच शोधावे लागेल.