आजीच्या पौतीवरून

प्रिय बाळा,

तुझा मेल दोनदा वाचला आणि फोटो तर किती वेळा झूम करून बघितला सांगता येत नाही. आजीच्या ट्रंकेतली पौती, म्हणजे ती गवताची झाकणाची डबी, जांभळा रंग पार उडालेला, तळाचं एक वेटोळं उसवलेलं, पण झाकण अजून घट्ट बसतं म्हणालीस तिथे मला भरूनच आलं. आपल्याकडे रुखवतात मुलीच्या हातचं काहीतरी मांडतात ना, तसंच उत्तर बिहारमधल्या मिथिलेत मुली सिक्की गवताच्या पौत्या, मौन्या म्हणजे छोट्या टोपल्या करून सासरी न्यायच्या, दागिने, शृंगाराचं सामान सगळं त्यात. तुझ्या आजीनेही माहेरच्या ओसरीवर बसूनच केली असेल.

आता तू म्हणतेस पुण्यातली नोकरी सोडते, मिथिलेतल्या मधुबनीला जाते, गावात बायकांचा ग्रुप करते, इन्स्टावर पेज काढते. जा, नक्की जा. पण पेज नंतर. आधी एखाद्या जुन्या हाताशेजारी पंधरा दिवस बस आणि एक छोटी मौनी स्वतः पूर्ण कर, कारण हे काम फोटोत कळत नाही गं. आत जाडीभरडी मुंज, म्हणजे दुसरं एक गवत, असते, ती गोल फिरवत न्यायची, वरून ओली केलेली सिक्कीची चिरलेली काडी गुंडाळायची, टकुआने म्हणजे त्या दाभणासारख्या लोखंडी टोच्याने खालच्या वेटोळ्यात भोक पाडायचं, काडी त्यातून ओढून घ्यायची, आणि परत तेच, परत तेच. बोटं सोलवटतात. आतली मुंज जराशी जरी दिसली तरी शिकवणाऱ्या आजी उसवायला लावतात, मला तीनदा लावलं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पण हे शिकायच्या आधीच मी एक चूक करून बसले होते. एका दुकानाची ऑर्डर आणली, दोनशे डब्या, सगळ्या एका मापाच्या. लवकर व्हावं म्हणून डबी एकीला दिली, झाकण दुसरीला, आणि प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी, कुणाचं काम घट्ट कुणाचं सैल, निम्मी झाकणं बसेनात. दुकानाने माल परत पाठवला. मी तर बायकांना सांगून ठेवलेलं की विकलं की पैसे देते. त्यातल्या एकीच्या सुनेने मला सरळ विचारलं, दीदी, एका डबीत माझ्या तीन दुपारी गेल्या, तेवढ्यात शेतावर गेले असते तर? पैसे मी नंतर पदरचे भरले, पण ती सून परत कधी टकुआ घेऊन बसली नाही. ते मला आजही लागतं.

म्हणून तुझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेते. वही ठेव, प्रत्येक वस्तूमागे तास लिही. नुसते विणायचे नाही, गवत कापणं, चिरणं, वाळवणं, रंगात उकळणं सगळे. तासाला तिथल्या मजुरीपेक्षा कमी पडत असेल तर ती वस्तू घेऊच नको, गिऱ्हाईक महाग म्हणालं तर वस्तू लहान कर पण बाईची मजुरी कापू नकोस. आणि पैसे माल हातात आला त्याच दिवशी.

मिथिलेची चित्रं बघ ना. 1966-67 च्या दुष्काळात हस्तकलेचं सरकारी काम पाहणाऱ्या पुपुल जयकरांनी मुंबईहून चित्रकार भास्कर कुलकर्णींना तिकडे पाठवलं, हेच कुलकर्णी पुढे वारली चित्रकारांकडेही गेले. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हातात कागद आला, चित्र विकता यायला लागलं, सीतादेवी, गंगादेवींची नावं जगभर गेली. घरात स्वतःचा पैसा आला म्हणून लेकी-सुनाही चित्रं काढायला बसल्या, असं माझं मत आहे. सिक्कीला 2007 मध्ये जीआय टॅग, म्हणजे ही कला त्या भागाचीच अशी सरकारी नोंद, मिळाला, चांगलंच झालं, पण टॅग काही तासाचा हिशोब करत नाही, तो तुलाच करायचाय.

पाटण्याला उपेंद्र महारथी संस्थेत सिक्कीचं शिक्षण देतात, वाटेत तिथे दोन दिवस थांब. आणि पाऊस संपता संपताच पोच. सिक्की पाणथळ जागी, तळ्याकाठी उगवते, फुलोरा काढून, चिरून उन्हात वाळली की ती सोनेरी होते, तो सोनेरी रंग भडक रंगांखाली झाकू नकोस बाई. कुठल्या तळ्याकाठचं गवत, जमीन कुणाची, तेही वहीत लिही, तळं बुजवून प्लॉट पडले तर पुढच्या वर्षी काय घेऊन बसणार?

जायच्या आधी झाकणाची आतली बाजू उन्हात धरून अजून एक फोटो पाठव, आत ऊन लागत नाही त्यामुळे मूळ रंग तिथे कदाचित दिसेल. आणि ते उसवलेलं वेटोळं फेविकॉलने चिकटवू नकोस हां, तसंच घेऊन जा, तिथे कुणीतरी हातात घेऊन नीट करून देईल आणि तू शेजारी बसून बघशील.

तुझी,
ताई