एकच पायवाट, दोन सकाळी

शरद सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पानं झडायला लागली आहेत, शनिवार-रविवार मोकळा आहे, कॅमेरा घेऊन शांतपणे कुठेतरी चालत राहायचं आहे, असं बहुतेकजण लिहितात. पहिल्या पत्राला जरा ऐसपैस उत्तर देते, कारण तो प्रश्न एकेकाळी माझाही होता.

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी याच दिवसांत मी दोन दिवस रानात भटकलो. पाच ठिकाणं केली, नऊशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं, तर पुन्हा उघडून बघावा असा एकही नाही. यंदाही तेवढीच सुट्टी मिळतेय. काय वेगळं करू?

उत्तर : पाचाचं एक करा. दोन-अडीच किलोमीटरची एकच पायवाट निवडा आणि दोन्ही दिवस तिच्यावरच चाला.

हे मला ठरवून सुचलेलं नाही. एका वर्षी ऐन पानगळीत माझा पाय मुरगळला आणि लांबचे सगळे बेत रद्द झाले. जवळच्या तळ्याकाठच्या वाटेवर हळूहळू जाऊन यायचं, एवढंच शक्य होतं. शनिवारी सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमाराला मी वाटेच्या पूर्वेच्या अंगाला उभी होते. वळून पाहिलं तर मागे टाकलेल्या एका अर्ध्या उघड्या झाडावर, समोरच्या दोन खोडांच्या फटीतून आलेलं ऊन पडलं होतं. झाडाच्या पलीकडे जाऊन उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं असतं, तर एकेक पान आतून पेटल्यासारखं दिसलं असतं. मी लंगडत तिथे पोचेपर्यंत ऊन सरकलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी सूर्य जवळपास त्याच वेळी त्याच जागी येतो. फरक पडला तर मिनिट-दोन मिनिटांचा. म्हणून रविवारी मी अर्धा तास आधीच ट्रायपॉड लावून पलीकडच्या बाजूला थांबले. रात्री वारा सुटला होता, फांदीवर चारच पानं उरली होती. आठ वाजून दहा मिनिटांनी त्या चारही पानांत उजेड शिरला, शिरा न् शिरा दिसायला लागली. जेमतेम दहा मिनिटं. तो फोटो आजही माझ्या टेबलासमोर आहे.

तेव्हा शनिवारची पहिली फेरी कॅमेरा पिशवीत ठेवूनच करा. वाट कुठे पूर्वेला वळते, ऊन कुठल्या फटीतून येतं, पाणी कुठे साचलंय, हे वेळेसकट वहीत टिपा. पाहिजे तर दुपारी फोटो काढा, संध्याकाळी तर काढाच. मात्र खरं काम रविवारी सकाळी होतं, कारण त्या दिवशी तुम्ही शोधत नसता, वाट पाहत असता.

या दिवसांतला उजेडही तुम्हाला साथ देतो. 50 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे मध्य युरोपच्या आसपास, नोव्हेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 20 अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे उन्हाळ्यात जे तिरपं, लांब सावल्यांचं ऊन मिळवायला पहाटे धावावं लागतं, ते इथे दिवसभर रेंगाळतं. घाई करायला खरंच कारण नसतं.

प्रश्न : धुक्यात काढलेले माझे फोटो मळकट, राखाडी येतात. डोळ्यांना दिसलेलं धुकं तर पांढरंशुभ्र होतं. आणि धुकं पडणार हे आधी ओळखता येतं का?

उत्तर : दोष धुक्याचा नाही, कॅमेऱ्याच्या अंदाजाचा आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, अधिक दोन तृतीयांश ते अधिक एकपर्यंत न्या. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकू द्या, फक्त कडेला आपटू देऊ नका. आणि फ्रेममध्ये जवळचं काहीतरी गडद ठेवा, एखादं खोड किंवा कुंपणाचा खांब. मागची झाडं एकापेक्षा एक फिकट होत गेलेली दिसली की धुक्याची खोली कळते. नुसतं धुकंच धुकं असेल तर तो कोरा कागद होतो.

ओळखायचं म्हणाल, तर आदल्या संध्याकाळी आभाळाकडे पाहा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओली असेल तर आशा ठेवा. अशा रात्री जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते, तिला लागून असलेली दमट हवा गार होते आणि तिच्यातली वाफ बारीक थेंब होऊन तरंगत राहते. गार हवा जड, म्हणून ती सखल भागात साठते. त्यामुळे खाली दरीत आणि पाण्याकाठी धुकं, तर टेकडीवर लख्ख, असं होतं. शक्य असेल तर उजाडायच्या आधी टेकडीवर पोचा आणि ऊन वर येईल तसं धुक्यात उतरत या. सूर्य उगवल्यानंतरही ते थोडा वेळ टिकतं, मग विरायला लागतं. धुकं विरतानाचा तो वेळ मला सगळ्यात प्रिय आहे. खोडांमधून उन्हाचे पट्टे दिसतात ते तेव्हाच.

प्रश्न : पानांचे रंग फोटोत फिके का पडतात? रंग वाढवला की खोटे दिसतात.

उत्तर : पानांवर चकाकी असते, विशेषतः ओल्या पानांवर. आभाळाचा पांढरा उजेड पानाच्या पृष्ठभागावरून परततो आणि खालचा रंग झाकतो. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर, लावून हळूहळू फिरवा. एका जागी येताच चकाकी उतरते आणि खालचा रंग उघडा पडतो. घरी बसून हे करता येत नाही. फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून ट्रायपॉड लागेल. आभाळ भरून आलेल्या दिवशी नाराज होऊ नका. जमिनीवर पडलेल्या पानांसाठी तोच उजेड उत्तम. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा सुधारायची सोय, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पिवळेपणा हा दोष समजून काढून टाकू शकतो. व्हाइट बॅलन्स क्लाउडीवर (ढगाळ) पक्का करून ठेवा.

रंग कुठून येतो हे कळलं की बघणंही बदलतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्यानं झाकलेला. झाड पानातला नायट्रोजन परत घेताना हरितद्रव्य मोडतं आणि पिवळा वर येतो. लाल मात्र पुष्कळ झाडांत याच दिवसांत नव्यानं तयार होतो, आणि त्याला ऊन लागतं. म्हणून एकाच झाडाची उन्हाकडची बाजू लाल आणि सावलीतली पिवळी दिसू शकते. एकावर एक आलेली दोन पानं शोधा: वरच्या पानाची सावली जिथे पडली असेल, तिथे खालच्या पानावर कधीकधी पिवळा ठसा उमटलेला असतो. असं पान मला मिळालं तेव्हा मी अर्धा तास तिथेच बसले होते.

प्रश्न : दवानं भरलेलं कोळ्याचं जाळं फोटोत नीट येत नाही. थोडा भाग स्पष्ट, बाकी सगळं पुसट.

उत्तर : कॅमेरा जाळ्याला अगदी समांतर धरा. जाळं सपाट असतं, तुम्ही तिरके उभे असता. ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र) एफ 8 च्या आसपास, मागे सावलीतला गडद भाग, आणि ऊन समोरून किंवा बाजूनं. वारा थांबेपर्यंत श्वास धरून थांबावं लागतं, त्याला इलाज नाही.

जवळ गेलात की एक गोष्ट पाहा. चाकाच्या आऱ्यांसारखे सरळ धागे कोरडे असतात, गोल फिरलेले धागे चिकट. त्या चिकट द्रवाला हवेतला ओलावा ओढून घ्यायची सवय असते, म्हणून दवाचे टपोरे मणी गोल धाग्यांवरच ओवलेले दिसतात. प्रत्येक मण्यात मागचं झाड उलटं असतं. विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्यानं 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. तो त्यासाठीच ओळखला जातो, पण दवाच्या थेंबांवरही त्यानं तितक्याच मायेनं काम केलं.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चालेल?

उत्तर : अगदी चालेल. लेन्स मऊ कापडानं पुसा, बोटाचे डाग फोटो धुरकट करतात. चिमटीनं झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस पक्का करा आणि उजेड थोडा कमी करा. मोबाइल जमिनीवर, पाचोळ्यात टेकवता येतो. मोठ्या कॅमेऱ्याला ते इतकं सहज जमत नाही.

प्रश्न : गारठ्यात बॅटरी लगेच उतरते, आणि घरात आलं की लेन्सवर वाफ धरते.

उत्तर : जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. थंडीनं उतरलेली बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते. कॅमेरा मात्र बाहेर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि घरात आल्यावर तासभर उघडू नका. वाफ धरेल ती पिशवीला. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे पिशवी उघडायचा मोह होणार नाही.

प्रश्न : मला सुट्टी मिळेपर्यंत पानं गळून गेलेली असतात. उघड्या फांद्यांचे काय फोटो काढायचे?

उत्तर : तुमच्यासाठी माझ्या मनात विशेष जागा आहे, कारण मलाही हेच दिवस जास्त आवडतात. सगळी झाडं एकदम रिकामी होत नाहीत. ओक आणि बीचची कोवळी झाडं सुकलेली पानं हिवाळाभर सोडत नाहीत, आणि रानात शांतता असली की ती वाऱ्यावर कागदासारखी वाजतात. पण तुम्ही उघडी फांदीच निवडा.

पान गळण्याआधी झाड देठाच्या मुळाशी पेशींचा एक पातळ थर तयार करतं, तिथूनच ते सुटतं. मागे व्रण राहतो. भिंग घेऊन तो पाहा: त्यात बारीक ठिपके दिसतील, रस वाहून नेणाऱ्या नळ्यांची ती टोकं. हॉर्स चेस्टनट या झाडाचा व्रण घोड्याच्या नालासारखा असतो, खिळ्यांसकट. आणि त्या व्रणाच्या अगदी वर, खवल्यांत गुंडाळलेली, पुढच्या वसंताची कळी असते. ती उन्हाळ्यातच तयार झालेली असते, इतके दिवस पानाआड होती.

फांदी डाव्या हातानं खालून हलकेच धरा, म्हणजे वाऱ्यात डुलणार नाही. फोकस कळीच्या टोकावर नको, कळी आणि व्रण जिथे भेटतात तिथे ठेवा.