बांध आणि माफी
बाळा, नव्याने विश्वासात आलं की प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ घशात अडकतेच: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. 'ऋण' हा शब्द नीट बघ. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातला चाकर, त्याचं १०,००० तालांतांचं, म्हणजे न फिटणारं, कर्ज राजा माफ करतो आणि तो १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. १०० दिनार म्हणजे शंभरेक दिवसांची मजुरी, काही चिल्लर नव्हे!

माझ्या चुलतभावाने बांध कोरला. ६ वर्षं त्याच्या दारावरून मान वळवून जायचो. मग प्रार्थनेत नुसतं त्याचं नाव घ्यायला लागलो, तेही दात-ओठ खात. तू एवढंच कर आधी. मोजणी मात्र मी करून घेतली. माफ केलं म्हणून बांध सोडायचा नसतो. यंदा नाताळला करंज्यांचं ताट घेऊन गेलो. घेतलं त्याने, बोलला काही नाही.