अमेरिकन टीव्ही सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये प्रेक्षक स्वेटर घालून का बसायचे?

कारण थिएटर मुद्दाम थंडगार ठेवलेलं असायचं. न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये (१९६४ साली बीटल्स वाजवून गेले तेच) १९९३ ते २०१५ 'लेट शो' चालला, आणि आत तापमान साधारण १३ अंश सेल्सियस. भर जुलैतही. उबेत प्रेक्षक सुस्तावतात, मग हशा पडत नाही, असा हिशोब. जेवणानंतरच्या व्याख्यानाला कधी बसला असाल तर लगेच पटेल.

आणि 'लेट नाइट' म्हणायचं ते फक्त नावाला. शूटिंग संध्याकाळीच उरकायचं, प्रक्षेपण रात्री ११:३५ ला.

मला सगळ्यात आवडते ती खिडकीची गंमत. लेटरमन वाचून झालेलं कार्ड मागच्या खिडकीकडे भिरकावायचा आणि खळ्ळकन काच फुटायची. प्रत्यक्षात खिडकीला काचच नव्हती! आवाज टाकणारा माणूस नेमक्या क्षणी बटण दाबायचा. कधी टायमिंग चुकलं की त्यावरच वेगळा विनोद व्हायचा.

त्याच्या आधीच्या पिढीतला, 'द टुनाइट शो'चा सूत्रसंचालक जॉनी कार्सन तर टेबलावर दोन्ही टोकांना खोडरबर असलेल्या पेन्सिली ठेवायचा. सारखा त्यांच्याशी खेळायचा ना, टोक लागू नये म्हणून.