‘ते माझे कोण होते?’

कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो. रोजच्या एसटीतला सोबती, वाट्याला चार बांगडे जास्त घालणारी मावशी, अशी माणसं गेली की लोक गुपचूप रडतात आणि वर स्वतःच ओशाळतात. ओळखी पुसून, अनेक बैठका एकत्र करून सांगते.

तिशीतला तरुण. पहाटे 6 ची जिम. तिथले निवृत्त कंडक्टर अण्णा दारातच सगळ्यांना हाक मारायचे, “काय झिला, इलंस मा?” ते वारले आणि याने पाच आठवडे जिमचं तोंड पाहिलं नाही.

“सुतक नाही, नातं नाही, मॅडम. आडनावसुद्धा फलकावर वाचलं.”

“आडनाव राहू दे. सहा-दहाला ते काय करत असायचे?”

बराच वेळ गप्प. मग त्याने हात वर केला. “लॅट पुलडाउन, वरची दांडी खाली ओढायचं मशीन. मी 50 किलोवर ओढून वजनाची पिन तशीच सोडायचो. ते मागून येऊन 10 वर लावायचे. नंतरच्या नवख्याचा खांदा धरू नये म्हणून.” हात वरच राहिला आणि रडू आलं.

‘कसं वाटतंय?’ विचारलं असतं तर ‘ठीक’ मिळालं असतं. म्हणून मी वेळ विचारते, हात काय करत होते ते विचारते. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये समाज ज्याला दुःख मानत नाही अशा दुःखावर लिहिलं. मी त्यांच्याच बाजूची. सख्ख्यांना दहावा-तेरावा असतो, भेटायला माणसं येतात. अशा दुःखाला बसायला पाटच नाही.

तो आपण मांडायचा. तेराव्यानंतर घरी जा, पंधरा मिनिटं पुरेत. ‘देवमाणूस होते’ म्हणू नका, पिनची गोष्ट सांगा. पहाटेचे अण्णा घरच्यांना ठाऊकच नसतात. जिमची वेळ बदलू नका, टाळलेली वेळ आणखी जड होते. पहिल्या दिवशी निम्मंच वजन घ्या. खंडानंतर जुना आकडा धरला की अंग धरतं, आणि त्या निमित्ताने माणूस पुन्हा घरी बसतो. झोप, जेवण, काम दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं तर मदत घ्या. जगणंच नको वाटलं तर त्याच क्षणी. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी, 14416, मोफत, चोवीस तास.

तो अण्णांच्या घरी गेला. त्यांच्या पत्नीने, काकींनी, सगळं ऐकून एवढंच विचारलं, “थंय ते बोलत? घरात तर तोंड उघडीत नसत.”

सोमवारी सहाला जिममध्ये पोचला. पिन 60 वर होती.